भोंगा वाजेल, पण धावून कोण येईल?

करकंब हे पंढरपूर तालुक्यातील बाजारपेठेचे मोठे गाव. अशा गावांतील व्यापारी श्रावकांच्या जुन्या घरांची ठेवण पुष्कळशी सारखी असते. दर्शनी भागात दुकान, मागे राहते घर, हात-दीड हात जाडीच्या भिंती, सागवानी दुपाखी दार, वर माळवद किंवा मागाहून घातलेला पत्रा आणि पाठीमागे अरुंद बोळ. एके काळी या घरांत दहा-पंधरा माणसे नांदत, त्यामुळे घराला कुलूप लावण्याचा प्रसंगच विरळा. आता मुले पुण्या-मुंबईस नोकरीनिमित्त, लेकी सासरी आणि वाड्यात दोघेच ज्येष्ठ, असे दृश्य घरोघरी दिसते. त्या दोघांनी सम्मेद शिखरजीच्या यात्रेस निघायचे ठरविले की घर पंधरा दिवस बंद राहणार, ही वार्ता गावभर होतेच. मग पुण्याहून मुलगा मोबाईलवर एक छायाचित्र पाठवितो. बिनतारी चोरसूचक यंत्र, किंमत चार-पाच हजार रुपये, भिंत फोडायला नको, वायरमन बोलवायला नको. घ्यावे की नाही?

रक्कम फार मोठी नाही, म्हणूनच हा निर्णय बहुधा पाच मिनिटांत उरकला जातो. वास्तविक तो तसा उरकण्याजोगा नाही.

यंत्राची मूळ कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील बोस्टनजवळच्या ऑगस्टस पोप यांनी दार उघडताच घंटा वाजविणाऱ्या विद्युत् यंत्राचे पेटंट १८५३ साली घेतले. पुढे एडविन होम्स यांनी ते हक्क विकत घेऊन त्याचा धंदा उभारला. आजच्या स्वस्त संचातही तत्त्व तेच आहे. दाराच्या एका फळीवर लोहचुंबक, चौकटीवर छोटी डबी. दोघे एकमेकांजवळ आहेत तोवर सारे शांत. दार उघडून चुंबक दूर गेला की डबी मुख्य यंत्रास बिनतारी संदेश पाठविते आणि भोंगा वाजतो. सोबत खोलीतील हालचाल टिपणारा एक डोळा, किल्लीच्या जुडग्यात अडकविण्याचा रिमोट आणि बहुतेक संचांत सिमकार्ड घालण्याची सोय असते, म्हणजे यंत्र स्वतःच मालकास फोन लावते.

कागदावर हे सर्व उत्तम दिसते. करकंबच्या वाड्यात ते बसविताना मात्र काही गोष्टी आड येतात. दुपाखी सागवानी दार पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. दोन फळ्यांमधील फट बदलते. चुंबक आणि डबी यांत बोटभर अंतरही काही वेळा पुरे होते आणि भोंगा अकारण वाजू लागतो. दगडमातीच्या जाड भिंतींतून बिनतारी संदेश क्षीण होत जातो; मागील दाराचा सेन्सर पुढील दुकानातल्या यंत्रापर्यंत पोहोचतो की नाही, हे बसविण्यापूर्वी प्रत्यक्ष करून पाहावे लागते. खोक्यावर लिहिलेले शंभर मीटर मोकळ्या मैदानातले असतात.

हालचाल टिपणाऱ्या डोळ्याची गोष्ट सोलापूर जिल्ह्यापुरती अधिकच विचार करण्यासारखी आहे. हा डोळा प्रकाश पाहत नाही. माणसाच्या देहातून निघणारी उष्णता आणि भोवतालची उष्णता यांतील फरक पाहतो. माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण ३३ ते ३५ अंश. वैशाखात पारा ४० अंशांपलीकडे जातो, तेव्हा दिवसभर तापलेल्या पत्र्याखालील खोली रात्रीही त्याच घरात रेंगाळते. भिंत आणि माणूस दोघेही सारखेच तापलेले असतील तर डोळ्याला फरकच दिसत नाही. लग्नसराई आणि सुट्यांच्या प्रवासाचे, म्हणजे घरे बंद राहण्याचे दिवसही नेमके तेच. उलट पाल सेन्सरवरून गेली किंवा मांजराने फळीवरून उडी घेतली, तर भोंगा मध्यरात्री आळी जागी करतो. दोन-तीनदा असे झाले की शेजारी ‘लांडगा आला रे’ समजून कूस बदलतात.

सिमकार्डाचा विचार तर बहुतेक जण करीतच नाहीत. स्वस्त संचांतील पुष्कळ यंत्रे अजून २जी जाळ्यावरच चालतात आणि जिओचे जाळे २जी चालवीतच नाही. घरातले जुने सिम त्यात घातले की यंत्र मुके होते. रिचार्ज संपलेले सिमही फोन लावू शकत नाही, आणि बराच काळ वापराविना राहिलेले सिम कंपनी बंद करू शकते. वायफायवर चालणारे यंत्र घेतले तर वीज गेल्याबरोबर राउटर बंद पडतो. स्वतःची बॅटरी असलेले यंत्र घ्यावे आणि राउटर इन्व्हर्टरवर असावा, एवढे तरी पाहिलेच पाहिजे. स्वस्त यंत्रांचा संकेत ठरावीक असतो, तो हवेतून उचलून पुन्हा सोडता येतो, असा एक तांत्रिक आक्षेप नेहमी घेतला जातो. तो खरा आहे. परंतु गावातील घरफोड्या तशा होत नाहीत. वर्तमानपत्रातील बातमीत शब्द ठरलेले असतात: ‘कडी-कोयंडा उचकटून’. म्हणून पहिले दोनशे रुपये लोहाराला देऊन कोयंडा चौकटीच्या आरपार बोल्टने आवळून घ्यावा आणि माळवदावरून उतरणाऱ्या जिन्याच्या दारास आतून आडणा बसवावा. बाजारात मिळणारा कोणताही सेन्सर माळवदावरून उतरणाऱ्यास पुढील दारी शोधू शकत नाही.

मुख्य प्रश्न मात्र याच्याही पलीकडचा आहे. भोंग्याचा आवाज यंत्राजवळ ११० डेसिबल असला, तरी मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की तो सहा डेसिबलने उतरतो. तीस-बत्तीस मीटरवर तो ८० च्या आसपास येतो. मध्ये दोन जाड भिंती आणि शेजाऱ्याच्या पंख्याची घरघर आली की तेवढाही उरत नाही. फोन शिखरजीच्या पहाडावर वाजला, तर तो घेणारा हजार-दीड हजार किलोमीटर दूर. वंदनेस निघालेल्या यात्रेकरूने पहाटेच्या अंधारात, डोलीवाल्यांच्या गर्दीत तो घेतलाच, तरी पुढे काय? त्याला पुन्हा करकंबमध्येच कोणाला तरी उठवावे लागणार. म्हणजे यंत्र घेण्यापूर्वी ठरवायचे ते यंत्राचे नाव नव्हे, तर त्या उठणाऱ्या माणसाचे.

सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ला परिसरातील जैन धार्मिक सोहळ्यातून रत्नजडित सुवर्णकलश चोरीस गेला, ते वृत्त समाजात सर्वत्र चर्चिले गेले. चोर धोतर नेसून, भाविकाच्या वेशात आत वावरला होता. कॅमेऱ्याने त्याला टिपले आणि त्यावरून तो पुढे पकडलाही गेला. परंतु त्या क्षणी ‘आपण कोणाकडचे?’ असे विचारणारे कोणी नव्हते. यंत्राचे काम पाहण्याचे आणि ओरडण्याचे. अडविण्याचे काम माणसाचेच.

करकंबच्या संदर्भात हे अधिक जाणवते, कारण या भागाचे पोलीस-बळ वर्षातून काही दिवस दुसरीकडे गुंतलेले असते. आषाढी वारीत पंढरपुरात मोठा बंदोबस्त लागतो आणि जैन चातुर्मासाचा प्रारंभही त्याच सुमारास होतो. पुढे भाद्रपदात दशलक्षण पर्व येते. सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकून सारे घर आरती-प्रवचनास मंदिरात जाते, ते रात्री उशिरा परतते, आणि हे सलग दहा दिवस, ठरलेल्या वेळी. पाळत ठेवणाऱ्यास याहून सोपे वेळापत्रक कोणते? या दहा दिवसांत आळीपाळीने एकेका घरातील एक माणूस आळीत थांबला, तर त्याचे स्वाध्यायाचे पुण्य कमी होईल असे कोणी शास्त्रज्ञ पंडित म्हणणार नाहीत.

महाराष्ट्रातील अनेक गावांत ‘ग्रामसुरक्षा यंत्रणा’ नावाची व्यवस्था चालते. संकटात सापडलेल्याने एका टोल फ्री क्रमांकावर आपल्या आवाजात संदेश द्यायचा. तो त्याच आवाजात परिसरातील नोंदणीकृत मोबाईलवर एकाच वेळी फोन म्हणून पोहोचतो. गावात ती सुरू आहे का, आपले आणि शेजाऱ्यांचे क्रमांक नोंदलेले आहेत का, याची चौकशी करकंबच्या पोलीस ठाण्यात करता येईल. चार हजारांच्या भोंग्याहून तिचा आवाज खूप दूर जातो. तातडीच्या मदतीसाठी ११२ आहेच.

मग यंत्र घेऊच नये का? तसे नाही. येथे दोन प्रसंग वेगळे करावे लागतात. घरात दोन वृद्ध राहतात आणि रात्री मागील दाराची काळजी वाटते, तर दोन-तीनशे रुपयांचे, दारास चिकटविण्याचे साधे चुंबकी यंत्रही मोलाचे आहे. सिम नको, ॲप नको. दार उघडले की ते किंचाळते, झोपलेले जागे होतात, दिवे लागतात. चोराला नको असते ते हेच. अहिंसेच्या दृष्टीनेही हे साधन निर्दोष आहे. कुंपणात वीजप्रवाह सोडण्यासारख्या जीवघेण्या आणि बेकायदा उपायांशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही. बंद घरासाठी मात्र चार-पाच हजारांचा संच तेव्हाच घ्यावा, जेव्हा त्यात किमान तीन क्रमांक भरता येतील आणि त्यांतील दोन करकंबमधील, हाकेच्या अंतरावरचे असतील. असे दोन क्रमांक सुचत नसतील, तर ते पैसे राखून ठेवावे.

या चर्चेत समाजाने स्वतःच्या शास्त्राकडेही एकवार पाहावे. तत्त्वार्थसूत्रात रौद्रध्यानाची चार निमित्ते सांगितली आहेत. हिंसा, असत्य आणि चोरी यांच्या जोडीने चौथे आहे ते विषयसंरक्षण, म्हणजे आपल्या जवळचे राखण्याची अखंड चिंता. चोरी करण्याचे चिंतन आणि चोरीच्या भयाने संपत्तीस कवटाळून बसण्याचे चिंतन आचार्यांनी एकाच ओळीत बसविले, हे आजच्या ॲपच्या काळात विशेष अर्थपूर्ण वाटते. पारसनाथ टोंकेवर उभे राहून दर पाच मिनिटांनी करकंबच्या ओसरीचे चित्र पाहणारा यात्रेकरू कोठे आहे, पहाडावर की ओसरीत? यंत्राने चिंता कमी व्हावी. ती वाढत असेल तर ते परत करावे.

परिग्रह-परिमाणाचा व्यवहारी अर्थही येथेच लागतो. आज्जींची पाटली आणि मोहनमाळ वर्षातून दोनदा अंगावर येते. उरलेले दिवस ती लोखंडी कपाटात पडून असते, आणि त्या कपाटाची जागा गावातल्या अर्ध्या लोकांस ठाऊक असते. बँकेतील लॉकरविषयी रिझर्व्ह बँकेचे सुधारित नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू आहेत; आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत आहे. ही भरपाई सोन्याच्या आजच्या भावापुढे अपुरी ठरू शकते, हेही ध्यानात ठेवावे. तरीही बंद वाड्यातील कपाटापेक्षा लॉकर बरा. गृहचैत्यालयातील धातूच्या प्रतिमांचा प्रश्न निराळा. त्यांचे मोल वजनाने होत नाही आणि पूजेत खंडही पडू नये. घर बंद राहणार असेल तर त्या विधिपूर्वक गावातील जिनमंदिरात नेऊन ठेवाव्या आणि तत्पूर्वी प्रत्येक प्रतिमेचे छायाचित्र व त्यावरील लेखाची नोंद करून ठेवावी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये राहत्या घरातील चोरीबरोबर पूजास्थानातील मूर्तीची चोरीही समाविष्ट असून सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. परंतु सापडलेली मूर्ती आपलीच आहे हे दाखविण्यास छायाचित्रच उपयोगी पडते.

संच घ्यायचे ठरलेच, तर तो यात्रेच्या आदल्या दिवशी आणू नये. महिनाभर आधी बसवावा, घरी असतानाच रोज रात्री चालू ठेवावा आणि किती वेळा उगाच वाजतो ते दिनदर्शिकेवर लिहावे. एके रात्री दहा वाजता, शेजाऱ्यांस पूर्वसूचना देऊन, तो मुद्दाम वाजवावा; शेजारच्या घरात, दारे-खिडक्या लावून, पंखा सुरू ठेवून कोणी बसले असेल त्याला तो ऐकू आला पाहिजे. सेन्सरमधील सेल कधी घातले ती तारीख मागे चिकटपट्टीवर लिहावी. निघताना सिमचा रिचार्ज परतीच्या तारखेपुढे पंधरा दिवसांचा असावा. घराची एक किल्ली आणि भोंगा बंद करण्याचा रिमोट शेजारच्या काकूंकडे द्यावा, आणि तो कसा दाबायचा ते त्यांच्या हातून दोनदा करवून घ्यावे.