आजारी मुलाला सांगावें कीं न सांगावें?

घरांतील मुलाला कर्करोग झाल्याचें डॉक्टरांनीं सांगितलें, कीं वडीलधाऱ्या मंडळींचा पहिला निश्चय बहुधा एकच असतो: "बाळाला कांहीं कळूं द्यावयाचें नाहीं." हा निश्चय वात्सल्यांतून निघतो, यांत संशय नाहीं, परंतु तो मुलाच्या हिताचा आहे काय, याचा विचार सुज्ञ वाचकांनीं अवश्य करावा.

मुलांमध्यें सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग रक्ताचा होय. १९४८ सालीं बॉस्टनच्या डॉ. सिडने फार्बर यांनीं औषधानें तो कांहीं काळ हटतो हें दाखविलें. पुढें आपल्या अंगणांत फुलणाऱ्या सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन निघालें. तें आजही वापरांत आहे. संपन्न देशांत आतां कर्करोग झालेल्या मुलांपैकीं शेंकडा ८० हून अधिक बरीं होतात. मात्र रक्ताच्या कर्करोगाच्या नेहमींच्या प्रकारावरील उपचार दोन-तीन वर्षें चालतो. सुया, ओकाऱ्या, तोंड येणें, केस गळणें, शाळा सुटणें, हें सारें जें मूल सोसतें त्याच्यापासून लपवावयाचें तें काय?

मायरा ब्लूबाँड-लँगनर या विदुषीनें १९७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत अमेरिकेंतील अशा तीन ते नऊ वर्षांच्या मुलांची हकीकत आहे. कोणीं न सांगतांही आपला रोग व त्याचा परिणाम त्यांना उमगला होता. पण आईबापांस दुःख होऊं नये म्हणून तीं अजाणतेपणाचें सोंग करीत. मौनानें भय जात नाहीं. मूल त्यांत एकटें मात्र पडतें. अप्रिय सत्य बोलूं नये म्हणणारा मनु त्याच श्लोकांत प्रिय असत्यही निषिद्ध ठरवितो, हेंही विसरूं नये.

मग सांगावें कसें? वयाला झेपेल इतकें, थोडक्या शब्दांत. "तुझ्या रक्तांत दोष आला आहे, तुझी त्यांत कांहीं चूक नाहीं, केस गळतील, पण पुन्हां येतील." चुकीचा उल्लेख आवश्यक आहे, कारण लहान मूल पुष्कळदां दुखण्याला शिक्षा समजतें. सुई टोचतांना "दुखणार नाहीं" म्हणूं नये. "दुखेल, पण मी जवळ आहें," असें म्हणावें. कोणता हात पुढें करावयाचा, हें शक्य तेथें त्यालाच ठरवूं द्यावें. गोष्टींत मन गुंतविल्यास वेदनाही हलकी होते. डॉक्टरांच्या संमतीनें थोडे धडेही चालूं ठेवावेत.

आणि एके दिवशीं मुलानें "मी बरा होईन ना?" असें विचारलें, तर विषय बदलूं नये. "डॉक्टर आणि आम्हीं झटत आहोंत, तुला एकट्याला सोडणार नाहीं," हें खरें उत्तर कोणत्याही आईबापांस देतां येण्यासारखें आहे.