कपडे थोडे, ढब आपली



‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. माणसाची शोभा एकपट आणि वस्त्राची दहापट, असा तिचा अर्थ. कपड्याचे महत्त्व तिने सांगितले. कपडे किती असावेत, हे मात्र सांगितले नाही. दस नूर येण्यासाठी दहा कपडे हवेत, हा अर्थ आपणच तिच्यातून काढला. आज मध्यमवर्गीय घरातील कपाटाचे दार लोटून बंद करावे लागते, आणि तरीही लग्नाचे आमंत्रण आले की ‘घालायला काही नाही’ हे वाक्य कानी पडते. हे वाक्य खोटे नसते. कपडे पुष्कळ असतात, पण आपल्याला शोभणारे आणि एकमेकांशी जुळणारे थोडेच असतात. असे का होते, आणि त्यावर उपाय काय, एवढाच आजचा विषय.

प्रथम तीन शब्द वेगळे करून घेऊ. अंगावर जे आहे तो वेश. सध्या पुष्कळजण जे घालतात ती फॅशन. आणि कपड्यांची निवड व ते वापरण्याची रीत यांतून एखाद्या माणसाची जी ओळख पटते, ती त्याची ढब. फॅशन दुकानात विकत मिळते. ढब वापरातून येते आणि तिला वेळ लागतो. कपडा अंगाला सरावायच्या आत दुसरा घेणाऱ्याला ती साधणे कठीण.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल याने 1904 साली फॅशनवर एक निबंध लिहिला. माणसाला चारचौघांसारखे दिसायचे असते आणि चारचौघांहून वेगळेही दिसायचे असते. फॅशन या दोन्ही इच्छा एकदम पुरवते, असे त्याचे म्हणणे. वरच्या वर्गाने काही नवे अंगावर घातले की इतर लोक त्याचे अनुकरण करतात. अनुकरण झाले की वरचा वर्ग ते टाकून पुढे जातो. या शर्यतीला शेवट नाही. झिमेलच्या काळी हे चक्र ऋतुमानाने फिरत असे. आता हातातल्या मोबाइलवर ते आठवड्याच्या हिशेबाने फिरते. एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या 2017 च्या अहवालाप्रमाणे, त्याआधीच्या सुमारे पंधरा वर्षांत जगातील कपड्यांचे उत्पादन जवळजवळ दुप्पट झाले, आणि एकेक कपडा टाकून देण्यापूर्वी जितक्या वेळा वापरला जाई त्यात सुमारे 36 टक्के घट झाली. म्हणजे आपण घेतो अधिक आणि घालतो कमी.

याच्या उलट टोकाचे उदाहरण ब्रिटनचे आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1 जून 1941 पासून, तेथे कपड्यांवर रेशन आले. पहिल्या वर्षी प्रत्येक प्रौढास 66 कूपने मिळाली. पुरुषाच्या तीन कपड्यांच्या सुटालाच 26 कूपने लागत. म्हणजे एका सुटात वर्षाचा दोन-पंचमांश वाटा संपे. हे रेशन 1949 च्या मार्चपर्यंत चालले. या काळात सरकारने जुने कपडे उसवून नवे कसे करावेत याच्या पुस्तिका काढल्या, आणि 1942 साली लंडनच्या नामांकित वेशकारांकडून साध्या कपड्यांचे नमुने तयार करून घेतले. झालरी, जादा खिसे, जादा गुंड्या यांना मनाई होती. तेव्हा कारागिराजवळ उरले काय? अंगावर नीट बसणारा बेत आणि चांगली शिलाई. सुबकपणा सजावटीवाचूनही साधतो, हे त्या कपड्यांनी दाखवून दिले.

आपल्याकडे हे शहाणपण परके नव्हते. नऊवारी लुगडे म्हणजे शिवण नसलेला, सुमारे आठ मीटर लांबीचा एकच पट्टा. पण कोळिणीचे नेसणे वेगळे, ब्राह्मणी नेसणे वेगळे, शेतात राबणारीचे वेगळे. वस्त्र एकच, ओचा, निऱ्या, कासोटा आणि पदर यांतून नेसणारीची ढब दिसे. लुगडे मध्ये विरले की तेवढा भाग कापून चांगले तुकडे जोडत. त्याला ‘दंड घालणे’ म्हणत. पुढे त्याची गोधडी होई. आणखी काही उरले तर ते बोहारणीकडे जाई आणि घरात एखादे भांडे येई.

परंतु येथे सावध राहिले पाहिजे. दंड घातलेले लुगडे पुष्कळ घरांत गरिबीने नेसले जाई, आवडीने नव्हे. गांधीजींनी 22 सप्टेंबर 1921 रोजी मदुराई येथे अंगावरचे कपडे कमी करून पंचा पत्करला. 1927 च्या डिसेंबरात महाड येथे डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांना उद्देशून भाषण केले, त्यात जातीची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची रीत आणि तसलेच जड दागिने सोडून द्या, असे सांगितले. एकाने वस्त्र कमी केले, दुसऱ्याने नीट नेसावयास सांगितले. दोन्ही ठिकाणी वेश विचाराने निवडलेला होता. ज्याला निवडच नाही त्याला काटकसरीचा उपदेश करणे हा उद्दामपणा होय. आजचे सांगणे आहे ते ज्यांची कपाटे भरलेली आहेत त्यांना.

आता कृतीकडे वळू. पहिली गोष्ट मेळाची. प्रत्येक पँटीसाठी वेगळा सदरा घेतला, तर बारा कपड्यांचे सहाच जोड होतात. पण चार सदरे आणि तीन पँटी असे निवडले की कोणताही कशावरही चालावा, तर सातच कपड्यांचे बारा जोड होतात. कुडते व सलवारींचा हिशेब असाच. त्यासाठी दोन शांत रंग पायाला घ्यावेत आणि आपल्या वर्णाला खुलणारा एखादा रंग जोडीला ठेवावा. वर्षानुवर्षे तोच रंग दिसू लागला की लोक त्यावरून आपल्याला ओळखतात.

दुसरी गोष्ट पारखण्याची. कापड उजेडासमोर धरून वीण घट्ट आहे का पाहावे. शिवणीच्या आत पुरेसे कापड दाबलेले आहे का, काजे नीट भरली आहेत का, हे तपासावे. खांदा बरोबर बसला पाहिजे. लांबी व कंबर शिंपी सहज बदलून देतो, खांदा बदलणे अवघड. किंमत वापरावर मोजावी. समजा, 600 रुपयांचा सदरा बारा वेळा घालून विटला, तर एका वेळेला 50 रुपये पडले. 1800 रुपयांचा नव्वद वेळा चालला, तर 20 पडले.

तिसरी गोष्ट निगेची. कपडे उलटे करून सावलीत वाळवावेत, सुटलेली टीप त्याच आठवड्यात घालावी, रफूची लाज बाळगू नये.

सर्वांनी कमी कपडे घेतले तर इचलकरंजी-मालेगावच्या मागावरील माणसाने काय खावे, ही शंका रास्त आहे. तिचे सोपे उत्तर नाही. पण अति स्वस्त कपड्यानेही कामगाराचे भले झालेले नाही. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले असूनही त्यांना कामावर बोलावले गेले होते. तेवढेच पैसे थोड्या पण चांगल्या कपड्यांवर खर्चले, आणि दुरुस्तीचे काम शिंप्याला दिले, तर कमी घेण्याचा भार निदान कारागिरावर कमी पडेल.

शेवटी एक सोपा प्रयोग सुचवतो. आज घरी गेल्यावर कपाटातील सर्व हँगरांचे आकडे उलट्या दिशेने अडकवा. जो कपडा घालाल त्याचा आकडा परत टांगताना सुलटा करा. दिवाळीला कपाट उघडून पाहा. जे सुलटे झाले असतील, त्यांच्यात तुमची ढब आहे. जे उलटेच राहिले असतील, ते धुऊन, इस्त्री करून ज्याला हवे त्याला द्या. आणि मग दिवाळीचा नवा कपडा एकच घ्या. सुलट्या आकड्यांवरच्या कपड्यांशी तो जुळतो का, एवढे पाहून घ्या.