इंटरनेटच्या आत – लेखांक ९ : ग्राहकाच्या नावाने खोटा निरोप

बिटटॉरेंटमध्ये फाइल एका ठिकाणाहून येत नाही, तिचे तुकडे अनेकांच्या संगणकांवरून गोळा होतात, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. घेणारा घेता घेता देतही असतो आणि फाइल पूर्ण झाल्यावरही पुष्कळ जण ती इतरांसाठी खुली ठेवतात. अमेरिकेत २००७ साली या देण्यावरच गदा आली.

रॉब टोपोल्स्की हे ओरेगन राज्यातले नेटवर्क अभियंता. वाद्यांशिवाय चार आवाजांत गायल्या जाणाऱ्या ‘बार्बरशॉप’ गाण्यांचं त्यांना वेड. त्यांच्याकडची खूप जुनी ध्वनिमुद्रणं इतरांना द्यायला गेले, तर अपलोड होईचना. दुसरा कुणी सेटिंग बदलून गप्प बसला असता. यांनी आपल्या संगणकातून येणारी-जाणारी पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, एकेक करून तपासली. त्यांत संबंध तोडायला सांगणारी ‘रिसेट’ पॅकेट निघाली, आणि ती दोन्हींपैकी कुठल्याच संगणकाने पाठवलेली नव्हती.

ती मधल्यामध्ये तयार होत होती. दोन संगणकांचं बोलणं सुरू असताना एकाने रिसेट पाठवलं, की दुसरा मुकाट्याने जोडणी बंद करतो. टीसीपीचा, म्हणजे संगणकांनी आपसात कसं बोलायचं हे ठरवणाऱ्या पद्धतीचा, नियमच तसा आहे. कॉमकास्ट या बड्या केबल कंपनीची यंत्रणा नेमकी हीच पॅकेट बनवत होती, आणि पाठवणारा म्हणून पत्ता घालत होती ग्राहकाचा. टपाल उशिरा पोचणं एक वेळ समजू शकतं. पण टपाल खात्यानेच तुमची खोटी सही करून ‘यापुढे पत्र नको’ असं समोरच्याला कळवावं, तसा हा प्रकार.

कंपनीने आधी कानांवर हात ठेवले. ऑक्टोबरमध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने स्वतः चाचणी घेतली. त्यासाठी फाइल निवडली बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतराची, म्हणजे चोरीच्या मालाचा मुद्दाच उरला नाही. तीही अडली.

कंपनीची अडचण खोटी नव्हती. केबलचं जाळं मुळात टीव्हीसाठी टाकलेलं, त्यामुळे घराकडे येणारा रस्ता रुंद आणि घरातून जाणारा अरुंद. तो अरुंद रस्ता एका वस्तीतल्या अनेक घरांत वाटलेला. चार घरांनी रात्रंदिवस अपलोड चालवलं, तर शेजाऱ्याचं इंटरनेट रखडणारच. पण मग गर्दीच्या वेळेपुरती, सगळ्यांना सारखी मर्यादा घालायची होती. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने, एफसीसीने, चौकशी केली तेव्हा दिसलं, की गर्दी नसतानाही बिटटॉरेंट अडवलं जात होतं. १ ऑगस्ट २००८ रोजी आयोगाने ३ विरुद्ध २ मतांनी कंपनीला दोषी ठरवलं. दंड मात्र केला नाही.

त्यानंतर कंपनीने जे केलं, तेच पहिल्यापासून करायला हवं होतं. ऑक्टोबरपासून महिन्याला २५० जीबीची उघड मर्यादा लावली. शिवाय गर्दी झाली, की त्या वेळी सर्वांत जास्त वापर करणाऱ्याला थोडा वेळ मागे ठेवायचं, मग तो काहीही पाहत असो, ही पद्धत आणली. एप्रिल २०१० मध्ये अपील न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला, तो आयोगाला तसा अधिकारच नाही म्हणून.

आपल्याकडे ठरावीक जीबी संपल्यावर वेग उतरतो. जाहिरातीत ‘अमर्यादित’ लिहून ही अट बारीक अक्षरांत ठेवणं मला मान्य नाही, पण सांगून, सगळ्यांना सारखी घातलेली मर्यादा हा व्यवहार आहे. एखादीच सेवा किंवा वापराचा एखादाच प्रकार निवडून त्याचा गळा आवळणं हा भेदभाव. सगळ्या सेवांना सारखं वागवण्याची, म्हणजे नेट न्यूट्रॅलिटीची, तत्त्वं केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये मंजूर केली, आणि त्यांत असा भेदभाव बसत नाही. तेव्हा वेग पडला, तर आधी प्लॅनची मर्यादा संपली का ते पाहा. ती शिल्लक असताना एकच सेवा अडत असेल, तर कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या.

पुढच्या आठवड्यात : पॅकेट न उघडता त्यात काय आहे, हे कंपनीला कसं कळतं?