परदेशात केवळ अडॅप्टर पुरेसा नाही

मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांच्या सामानात अनेकदा मिक्सरही असतो. सोबत अडॅप्टर घेतला की काम झाले, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात साधा अडॅप्टर केवळ पिनांचा आकार जुळवितो; विजेचा दाब बदलत नाही.

भारतात घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट, अमेरिकेत १२० व्होल्ट, तर जपानमध्ये १०० व्होल्ट आहे. त्यामुळे येथील मिक्सर अमेरिकेत जेमतेम फिरतो. याउलट, केवळ १२० व्होल्टसाठी बनविलेला तेथील हेअर ड्रायर भारतात जळू शकतो. ब्रिटन व युरोपात दाब भारताइतकाच असल्याने अडॅप्टर पुरतो. मात्र ब्रिटनमध्ये तीन आयताकृती, तर युरोपातील बहुतेक देशांत दोन गोल पिना लागतात.

निघण्यापूर्वी उपकरणावरील ‘इनपुट’ची ओळ वाचावी. ‘१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असा उल्लेख असल्यास दाबाची चिंता नाही. मोबाइल व लॅपटॉपचे चार्जर सहसा असेच असतात. केवळ ‘२३० व्होल्ट’ असल्यास अमेरिकेत दाब वाढविणारा ट्रान्सफॉर्मर लागतो; त्याची क्षमता उपकरणाच्या वॉटपेक्षा अधिक हवी.

अडॅप्टरवरील अँपिअरची मर्यादाही पाहावी. इस्त्री, किटली अशा अधिक वीज ओढणाऱ्या उपकरणांनी हलका अडॅप्टर तापून वितळू शकतो. तीन पिनांचे उपकरण दोन पिनांच्या अडॅप्टरला जोडू नये. त्यामुळे अर्थिंग तुटते आणि उपकरणाच्या धातूच्या भागात वीज उतरल्यास जिवावर बेतू शकते.