गाडीची नाडीपरीक्षा



गाडीच्या डॅशबोर्डवर कधी कधी इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो आणि आईबाबांचे चेहरे उतरतात. गॅरेजवाला आता किती डॉलर सांगतो कोण जाणे! पण घाबरण्याआधी दिव्याचे म्हणणे तरी ऐकावे. घरचा संगणक ते ऐकू शकतो.

गाडीतही एक संगणक असतो. हवा, पेट्रोल, तापमान यांची खबर सेन्सर त्याला सतत देत असतात. पूर्वी प्रत्येक कंपनीची तपासणीची तऱ्हा निराळी होती. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सर्व नव्या मोटारींना ‘ओबीडी-२’ ही एकच पद्धत सक्तीची झाली. मूळ हेतू हवेचे प्रदूषण रोखण्याचा, पण फायदा आपलाही झाला. स्टिअरिंगच्या आसपास, बहुधा खालच्या बाजूला, १६ पिनांचे सॉकेट असते. त्यात छोटा अडॅप्टर बसवायचा, तो यूएसबीने किंवा ब्लूटूथने लॅपटॉपला जोडायचा, किल्ली ‘ऑन’ करायची आणि प्रोग्रॅम सुरू करायचा.

पडद्यावर एखादा कोड दिसतो, उदाहरणार्थ पी०३०१. ‘पी’ म्हणजे इंजिन व गिअर यांचा विभाग. पुढचे शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान असा कोड. तीन म्हणजे ठिणगीशी संबंधित बिघाड आणि ०१ म्हणजे पहिला सिलिंडर. थोडक्यात, पहिल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही.

मुलांनो, आता थोडे गणित. इंजिन किती वेगाने फिरते असे विचारले की गाडी ‘०बी बी८’ असे उत्तर देते. ही सोळाच्या पटीत मोजण्याची पद्धत आहे. नवानंतर ए म्हणजे १०, बी म्हणजे ११, असे एफ म्हणजे १५ पर्यंत. म्हणून ०बी म्हणजे ११ आणि बी८ म्हणजे ११ × १६ + ८ = १८४. आता ११ × २५६ + १८४ = ३०००. त्याला ४ ने भागले की ७५०. म्हणजे इंजिन मिनिटाला ७५० फेरे घेत आहे!

पालकांनी मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. कोड म्हणजे लक्षण, रोग नव्हे. ताप आहे एवढे थर्मामीटर सांगतो, कशामुळे ते वैद्याने शोधायचे. आमच्या गाडीत पी०१७१ आला, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. एका गॅरेजने ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगितले. आम्ही आधी लॅपटॉपवर आकडे पाहिले. गाडी जागेवर उभी असताना संगणक बरेच जादा पेट्रोल देत होता, पण इंजिनाचा वेग वाढवला की ते प्रमाण उतरत होते. अशा वेळी संशय फटीतून आत शिरणाऱ्या हवेवर घ्यावा. शोधले तेव्हा रबराची एक नळी चिरलेली सापडली. नळी बदलली आणि सेन्सरचा खर्च वाचला.

आणखी तीन सूचना. दिवा लुकलुकू लागला तर गाडी लवकर सुरक्षित जागी थांबवावी; न जळलेले पेट्रोल पुढे जाऊन महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होतो. कोड पुसला म्हणजे बिघाड गेला असे नाही. शिवाय पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपुऱ्या राहतात आणि धुराच्या तपासणीत ते लगेच दिसते. आणि कन्व्हर्टर व इंजिनाचा संगणक यांना अमेरिकेत सरकारी नियमानुसार ८ वर्षे किंवा ८०,००० मैल, जे आधी पूर्ण होईल तोवर, वॉरंटी असते. पैसे मोजण्यापूर्वी ती जरूर पाहावी.

आपली मुले लवकरच गाडी चालवू लागतील. मेकॅनिकवर अविश्वास दाखवण्याची गरज नाही, पण “कोड कोणता आला आणि हाच भाग बिघडला हे कशावरून?” एवढे विचारता आले पाहिजे.

जाता जाता एक कोडे: तापमान विचारल्यावर गाडीने ‘७बी’ असे उत्तर दिले. त्या संख्येतून ४० वजा केले की इंजिनातील पाण्याचे तापमान सेल्सिअसमध्ये मिळते. किती ते पुढच्या वर्गात मराठीतून सांगा!