कुलूपबंद दुभाष्या
लिनक्स संगणकावर ग्राफिक्स कार्ड का रुसते?

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले राजवटीच्या कारभाराचे मोडी लिपीतील कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. व्यंकोजी राजांनी १६७६ च्या सुमारास स्थापन केलेले ते राज्य १८५५ मध्ये संपुष्टात आले, आणि १९१८ मध्ये ग्रंथालय सर्वांस खुले झाले. परंतु कागद खुले झाले म्हणजे ते वाचता येऊ लागले, असे नव्हे. मोडी जाणणारे थोडे आणि कागद अपार, अशी स्थिती आहे. अलीकडे या कामी संगणकाचे साहाय्य घेण्याचे प्रयत्न होत आहेत. युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात मोडीला २०१४ मध्ये स्थान मिळाले. आणि २०२५ मध्ये रुरकीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी मोडी कागदांच्या दोन हजारांहून अधिक प्रतिमा देवनागरी लिप्यंतरासह अभ्यासकांपुढे ठेवल्या. अशा नमुन्यांवरून यंत्राला अक्षरओळख शिकवावयाची, तर असंख्य गुणाकार व बेरजा एकाच वेळी करणारे साधन हाताशी असावे लागते. ते साधन म्हणजे ग्राफिक्स कार्ड. चित्रे पडद्यावर उमटविण्यासाठी निर्माण झालेले हे उपकरण आज गणिती हमालीसाठी अधिक प्रसिद्ध आहे.

अशी कामे बहुधा लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवर केली जातात. तामिळनाडूत ती अपरिचित नाही. सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स आवृत्ती, राज्य शासनाने २०११ पासून विद्यार्थ्यांना विनामूल्य वाटलेल्या लॅपटॉपांवर विंडोजच्या जोडीने आली. ज्या संगणकातील चित्रविषयक भागाचा ड्रायव्हर लिनक्समध्येच अंतर्भूत असतो, त्याच्या धन्याला प्रस्तुत लेखातील अडचण कधी भेटतही नाही. ती भेटते एखाद्या शाळेने अथवा ग्रंथालयाने टेबलावरच्या संगणकात एनव्हिडिया कंपनीचे स्वतंत्र कार्ड बसविले म्हणजे. पहिले काही दिवस सर्व सुरळीत चालते. मग एके सकाळी संगणक सुरू करावा, तो पडदा काळाच राहतो, किंवा अक्षरे बटबटीत दिसतात आणि यंत्र कार्ड ओळखीतच नाही. कार्ड जळाले, अशी समजूत होते. बहुतेक वेळा ती खोटी असते.

हे का घडते, ते समजण्यासाठी ड्रायव्हर म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. लिनक्सच्या गाभ्यास कर्नल म्हणतात. स्मृती, तबकड्या, कळफलक, पडदा या सर्वांचा कारभार त्याच्या हाती असतो. परंतु प्रत्येक उपकरणाची बोली निराळी. कर्नलची भाषा उपकरणाला व उपकरणाची कर्नलला समजावून देणारी आज्ञावली ती ड्रायव्हर. कंपनी सरकारच्या काळी मद्रास इलाख्यात दुभाष्यावाचून व्यवहार चालत नसे. तंजावरच्या दरबारात तर मराठी, तामिळ, तेलुगू, संस्कृत आणि इंग्रजी या भाषा एकाच छपराखाली वावरत. ड्रायव्हर हा संगणकातील तसा दुभाष्या आहे.

आता, लिनक्सच्या जगात दुभाषे दोन जातींचे आहेत. पहिल्या जातीचा शब्दकोश उघडा असतो. त्याचा मूळ मजकूर कर्नलच्या मजकुरातच ठेवलेला असतो, आणि कर्नल सुधारणारे लोक आपली बोली बदलताना त्याचा कोशही त्याच हाताने दुरुस्त करतात. एएमडी आणि इंटेल या कंपन्यांच्या कार्डांचे ड्रायव्हर मुख्यतः या जातीचे आहेत. दुसऱ्या जातीच्या दुभाष्याचा कोश कंपनीच्या कुलपात असतो. एनव्हिडियाचा ड्रायव्हर दीर्घकाळ असा होता, व अंशतः अजूनही आहे. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेल्या कर्नलचा एक शिरस्ता येथे ध्यानात ठेवावा. सामान्य कार्यक्रमांशी असलेली आपली बोली तो सहसा मोडू देत नाही. परंतु ड्रायव्हरांशी असलेली अंतर्गत बोली स्थिर ठेवण्याचे बंधन तो मुद्दामच पत्करीत नाही. जुन्या चुका कायम बाळगण्यापेक्षा बदल करून मोकळे व्हावे, हा त्यामागील विचार. उघड्या दुभाष्याला याचा उपसर्ग होत नाही. कुलपातल्या दुभाष्याची मात्र प्रत्येक नव्या कर्नलबरोबर नव्याने परीक्षा होते. (त्याला आत घेतल्यावर कर्नल स्वतःवर ‘टेंटेड’, म्हणजे डागाळलेला, असा शेरा मारून ठेवतो, आणि अशा कर्नलच्या तक्रारी तपासण्यास त्याचे कर्ते सहसा नाखूष असतात. या वादात २०१२ साली टॉरव्हाल्ड्स यांनी फिनलंडमधील एका सभेत एनव्हिडियाला उद्देशून जे शब्द वापरले, ते शालेय पुस्तिकेत देण्याजोगे नाहीत.)

कुलूप असूनही काम चालावे म्हणून एक तोड काढलेली आहे. ड्रायव्हरचा जो भाग कर्नलमध्ये बसतो, त्याला मॉड्यूल म्हणतात. त्याचा कर्नलशी बोलणारा पातळ थर उघड्या मजकुराच्या रूपात दिला जातो, आणि तो प्रत्येक संगणकावर तेथील कर्नलच्या मापाने शिवून घ्यावयाचा असतो. नवा कर्नल येताच ही शिलाई आपोआप करणाऱ्या व्यवस्थेस डीकेएमएस असे नाव आहे. शिवण्यास माप लागते. ते माप म्हणजे त्या कर्नलच्या ‘हेडर’ फायली. रात्री कर्नलची नवी आवृत्ती उतरली, पण तिच्या हेडर फायली उतरल्या नाहीत, की शिलाई होत नाही. सकाळी नवा कर्नल जागा होतो आणि त्याच्यापाशी दुभाष्या नसतो. काळ्या पडद्याचे सर्वांत सामान्य कारण हेच होय.

तेव्हा पहिला उपाय नवे काही बसविण्याचा नव्हे, तर मागे जाण्याचा आहे. संगणक सुरू होताना येणाऱ्या ग्रब यादीत प्रगत पर्यायांखाली आधीचा कर्नल बहुधा शिल्लक असतो. तो निवडून पडदा पूर्ववत झाला, तर कार्ड निर्दोष आहे, हे तत्क्षणी सिद्ध होते. पडदा तरीही काळा राहिला, तर कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबून केवळ अक्षरांचा पडदा मिळविता येतो. कित्येकदा चित्रांचा पडदा मेला तरी हा जिवंत असतो.

येथून पुढे तपास क्रमाने करावा. आज्ञांची नावे खाली उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टंकताना ती रोमन लहान अक्षरांत टंकावयाची. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा संगणकाला जोडलेल्या उपकरणांची यादी देते. तीत कार्डाचे नाव नसेल, तर दोष खाचेत, विजेच्या तारेत किंवा खुद्द कार्डात शोधावा. नाव असेल, तर त्याच आज्ञेस ‘वजा के’ हा पर्याय जोडल्यास ते कार्ड कोणत्या ड्रायव्हरच्या ताब्यात आहे, हे कळते. ‘युनेम वजा आर’ ही आज्ञा चालू कर्नलची आवृत्ती सांगते, आणि ‘डीकेएमएस स्टेटस’ कोणकोणत्या कर्नलसाठी मॉड्यूल शिवले गेले, ते. या दोन उत्तरांतील आकडे जुळत नसतील, तर हेडर फायली आणवून शिलाई पुन्हा करविणे, एवढेच काम उरते.

आकडे जुळूनही मॉड्यूल आत जात नसेल, तर कर्नलची रोजकीर्द वाचावी. मोडी दप्तरात जशी दिवसवार नोंद असते, तशी कर्नलही आपल्या प्रत्येक कृतीची नोंद ठेवतो. ‘डीमेसेज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आज्ञेने ती दिसते. (टंकताना मात्र डी, एम, ई, एस, जी ही पाचच अक्षरे.) अनेक लोक ही नोंद न वाचता ड्रायव्हर काढून पुन्हा बसवितात, आणि तोही न चालल्यास संपूर्ण लिनक्स पुसतात. कधी कधी त्याने यशही येते, परंतु कारण अज्ञातच राहते, आणि पुढील कर्नलबरोबर तोच प्रसंग परत उभा राहतो.

रोजकीर्दीत आवश्यक किल्ली उपलब्ध नाही, अथवा किल्ली नाकारली, अशा अर्थाचा शेरा आढळला, तर प्रकरण सिक्युअर बूटचे आहे. ही एक पहारेकऱ्याची योजना होय. संगणक जागा होताना प्रत्येक पायरीवर पुढील आज्ञावलीची सही तपासली जाते, आणि कर्नलही सही नसलेले मॉड्यूल दाराबाहेर ठेवतो. घरीच शिवलेल्या मॉड्यूलवर परक्या मोठ्या संस्थेची सही कोठून असणार? म्हणून संगणकाची स्वतःची एक किल्ली तयार करतात, तिने मॉड्यूलवर सही करतात, आणि ती किल्ली पहारेकऱ्याच्या वहीत नोंदवितात. नोंदणीची विनंती लिनक्समधून करता येते; मान्यता मात्र पुढील वेळी संगणक सुरू होताना, लिनक्स जागे होण्यापूर्वीच्या एका निळ्या पडद्यावर द्यावी लागते. तो पडदा सुमारे १० सेकंद वाट पाहतो. तेवढ्यात कोणी कळ दाबून, आधी ठरविलेला संकेतशब्द टंकला नाही, तर यंत्र मुकाट्याने पुढे जाते आणि मॉड्यूल बाहेरच राहते.

ही अडचण वाटली, तरी ती हेतुपुरस्सर ठेवलेली आहे. दूरस्थ चोराला किल्ली नोंदविता येऊ नये, म्हणून कळफलकापाशी प्रत्यक्ष मनुष्य हवा. याचा व्यावहारिक परिणाम लहान गावच्या संस्थांना चांगलाच जाणवेल. चेन्नईत बसून जाळ्यामार्फत तंजावरचा संगणक सांभाळणारा तंत्रज्ञ बाकी सर्व करू शकेल, पण ही एक कळ तेथील ग्रंथपालानेच दाबली पाहिजे. सिक्युअर बूट बंद करूनही प्रश्न सुटतो, आणि पुष्कळ लोक तसेच करतात. परंतु ज्या यंत्रावर अनेक वाचकांचे हात पडतात, तेथे पहारा उठविण्यापेक्षा एकदा किल्ली नोंदविणे बरे.

दुसरे एक कारण म्हणजे गादीवर आधीच दुसरा दुभाष्या बसलेला असणे. कंपनीने कोश दिला नाही, तेव्हा काही स्वतंत्र प्रोग्रामरांनी कार्डाचे वर्तन निरखून त्याची बोली उलगडली आणि ‘नूवो’ नावाचा मुक्त ड्रायव्हर रचला. २०१० पासून तो कर्नलमध्येच येतो. अपरिचित लिपी नमुन्यांवरून लावणाऱ्या संशोधकाचीच ही चिकाटी. तथापि २०१४ नंतरच्या कित्येक कार्डांना कंपनीच्या सहीची अंतर्गत आज्ञावली लागू लागल्यामुळे नूवोला त्यांचा वेग वाढविता येईना. शिवाय गणिती कामासाठी लागणारी कंपनीची कूडा ही व्यवस्था नूवोवर चालत नाही. म्हणून मोडी वाचनासारख्या कामासाठी कंपनीचाच ड्रायव्हर घ्यावा लागतो. एका कार्डाला एका वेळी दोन धनी चालत नाहीत. नूवोला मज्जाव करणारी नोंद करून, प्रारंभी स्मृतीत चढणारा इनिटरॅमएफएस हा लहान संच पुन्हा बांधला नाही, तर नूवो पूर्वीच्या संचातून येऊन जागा अडवितो. हे दुसरे पाऊल विसरले जाते.

लिनक्स वितरणाच्या भांडारातील पॅकेज वापरल्यास ही बंदी बहुधा आपोआप लागते. कंपनीच्या संकेतस्थळावरील संच हाताने बसविणे त्यामानाने जोखमीचे. त्याने ठेवलेल्या फायलींची खबर भांडाराच्या व्यवस्थापकास नसते. एकाच यंत्रावर दोन्ही रीती मिसळल्यास कर्नलमधील मॉड्यूल एका आवृत्तीचे आणि कार्यक्रमांना लागणाऱ्या लायब्रऱ्या दुसऱ्या आवृत्तीच्या, असा बेबनाव होतो. अद्ययावत केल्यानंतर संगणक पुन्हा सुरू न केल्यासही तसाच संदेश दिसतो; तेव्हा तो प्रथम पुन्हा सुरू करून पाहावा.

कार्डाचे वयही विचारात घ्यावे लागते. २०१० मध्ये आलेल्या फर्मी पिढीच्या कार्डांसाठी ड्रायव्हरची ३९० ही शाखा होती. २०२२ अखेर तिच्या दुरुस्त्या थांबल्या. त्यानंतरच्या केप्लर पिढीच्या ४७० या शाखेचे २०२४ मध्ये तेच झाले. कर्नल पुढे जातो, दुभाष्या मागे राहतो, आणि काही काळाने शिलाईच होईनाशी होते. देणगी म्हणून मिळालेले जुने कार्ड स्वीकारताना संस्थांनी हा हिशेब अवश्य करावा.

मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून पुढील कार्डांसाठी कर्नलमधील मॉड्यूलचा मजकूर उघडा केला. कुलूप अर्धे निघाले. कार्यक्रमांशी बोलणारा भाग अद्याप बंद आहे. परिणामी भांडारांत आता मॉड्यूलचे दोन प्रकार दिसतात, आणि येथे एक नवीनच घोटाळा संभवतो. ट्युरिंगपूर्वीच्या कार्डांना बंद प्रकारच चालतो, तर २०२५ च्या ब्लॅकवेल पिढीला केवळ उघडा. निवड चुकली, तर बाकी सर्व यथासांग असूनही कार्ड सापडत नाही.

सर्व जुळून आल्यावर ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही आज्ञा द्यावी. कार्डाचे नाव, ड्रायव्हरची आवृत्ती आणि स्मृतीचा वापर दाखविणारा तक्ता पडद्यावर आला, म्हणजे कर्नल व कार्ड यांचे बोलणे सुरू झाले. नव्या कर्नलवर हा तक्ता एकदा तरी दिसेपर्यंत जुना कर्नल यंत्रावरून काढू नये.