घड्याळ नाही, सूर्यही नाही!

दोस्तांनो, घरातली सगळी घड्याळं लपवली, दारं-खिडक्या बंद केल्या आणि बाहेरचा आवाजही आत येऊ दिला नाही, तर आज तारीख कोणती हे तुम्ही किती दिवस बिनचूक सांगाल? 'त्यात काय एवढं! झोपून उठलं की एक दिवस मोजायचा,' असंच म्हणाल ना? मिशेल सिफ्र या फ्रेंच भूशास्त्रज्ञानं नेमकं हेच करून पाहिलं. आणि त्याचा हिशेब साफ चुकला!

सिफ्र तेव्हा अवघा २३ वर्षांचा होता. १६ जुलै १९६२ रोजी तो फ्रान्स-इटलीच्या सीमेवर, आल्प्स पर्वतातल्या स्कारासोन नावाच्या विवरात उतरला. शंभर मीटरहून जास्त खोल, आत बर्फ, गारठा आणि ओल. राहायला एक तंबू. जवळ घड्याळ मात्र नाही. विवराच्या तोंडाशी त्याचे सहकारी होते. उठल्यावर, जेवताना, झोपताना तो त्यांना फोन करायचा. ते वेळ टिपून घ्यायचे. पण किती वाजले हे सांगायचं नाही, असा कडक नियम होता.

फोनवर तो सेकंदाला एक या गतीनं १ ते १२० आकडे मोजायचा. काम दोन मिनिटांचं, पण त्याला लागायची जवळजवळ पाच मिनिटं! १४ सप्टेंबरला 'मुदत संपली' असा निरोप आला, तेव्हा त्याच्या हिशेबानं तारीख होती २० ऑगस्ट. मग मधले पंचवीस दिवस गेले कुठं?

खरी गंमत पुढेच आहे. सहकाऱ्यांनी टिपलेल्या वेळा तपासल्या, तर त्याचं झोपणं-उठणं सरासरी साडेचोवीस तासांच्या चक्रानं चाललं होतं. म्हणजे मन फसलं, पण शरीर नाही! आपल्या मेंदूतच एक घड्याळ आहे. डोळ्यांच्या मागच्या बाजूला असलेला हा पेशींचा पुंजका अगदी इवलासा, पण झोप कधी यावी हे तो ठरवतो. फक्त हे घड्याळ जरा मागे पडतं. रोज सकाळचा उजेड डोळ्यांत शिरला की ते पुन्हा जुळतं. सिफ्रला उजेडच नव्हता, म्हणून त्याचं घड्याळ दर दोन दिवसांनी तासभर मागे पडत गेलं. १९७२ मध्ये तो अमेरिकेतल्या टेक्सासच्या गुहेत सहा महिने राहिला, तेव्हा तर त्याचा एकेक 'दिवस' कधी कधी ४८ तासांचा झाला!

आपण काही गुहेत राहत नाही. पण सुटीत मध्यरात्रीपर्यंत टीव्ही नाहीतर मोबाइल, आणि सकाळी दहापर्यंत पडदे ओढून झोप! रात्रीच्या प्रखर उजेडानं मेंदूला वाटतं, अजून दिवस मावळलाच नाही. घड्याळ मागे सरकतं. मग शाळेच्या पहिल्या दिवशी आईच्या हाका ऐकू येत नाहीत आणि वर्गात पेंग येते. तो निव्वळ आळस नसतो बरं का, आई-बाबा!

उपाय फुकटचा आहे. रात्री दिवे नि पडदे वेळेवर विझवा आणि सकाळी उठल्याबरोबर अंगणात, गच्चीवर नाहीतर गॅलरीत या. तुमच्या घड्याळाला किल्ली द्यायला सूर्य तिथं हजर असतोच!